पवईत राहायला येताय? आधी तलाव समजून घ्या, मग घर बघा

दर वर्षी मे महिना लागला की मला फोन सुरू होतात. गावाकडचा कोणीतरी भाचा इथल्या कंपनीत लागलेला असतो, कोणाची मुलगी आयआयटीत पीएचडीला आलेली असते, कोणाची बदली झालेली असते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा पवईत जागा बघतोय, कुठे बघू? मी इथे २०११ ला आलो, तीन घरं बदलली, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहितोय. क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा, कारण बहुतेक जण आधी ब्रोकरला फोन करतात आणि मग जागा समजून घेतात, ते उलट व्हायला पाहिजे.

पायरी १: तलाव कसा झाला ते माहीत करून घ्या

हे पहिलं का, तर पवईचा रस्ता, डास, पाणी, ट्रॅफिक, भाडं, सगळं शेवटी तलावापाशी येऊन थांबतं. आणि हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. मुंबईला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा १८६० ला विहार तलाव झाला, १८७९ ला तुळशी झाला, तरी भागेना. तानसा धरणाचं मोठं काम चालू होतं पण ते पूर्ण व्हायला वेळ होता आणि शहरात पाणीटंचाईची भीती, म्हणून घाईघाईने १८९० च्या सुमारास इथे मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घालून पवई तलाव केला. खर्च आला तेव्हाचे साधारण १२ लाख ५९ हजार रुपये. आणि लगेच १८९२ ला तानसाचं पाणी मुंबईत आलं, मग पवईच्या पाण्याची गरजही उरली नाही आणि त्याचा दर्जाही पिण्याइतका चांगला नव्हता. म्हणजे टंचाईसाठी केलेला तलाव दोनेक वर्षांतच मागे पडला. आज हे पाणी आरे कॉलनीत आणि कारखान्यांना वापरतात, प्यायला नाही. त्यामुळे तलावासमोर राहतो म्हणजे पाणी मुबलक असेल असं नवीन माणसाला वाटतं ते डोक्यातून काढून टाका, तुमच्या नळाला येणारं पाणी लांबून, दुसऱ्या धरणांतून येतं.

तलावाच्या आधी इथे काय होतं? गावं होती. तिरंदाज, पासपोली, कोपरी, साकी, तुंगवे, चांदिवली ही सगळी जुनी गावांची नावं आहेत, सातबाऱ्यात आणि सोसायटीच्या कागदांत अजून तीच सापडतात, घर घेताना कागदावर "मौजे तिरंदाज" दिसलं तर घाबरू नका, ती पवईच आहे. पवई हे नाव पद्मावती देवीवरून पडलं असं इथले लोक सांगतात, देवीचं देऊळ आयआयटीच्या आवारात तलावाच्या काठाला आहे. इंग्रजांच्या काळात ही जमीन पवई इस्टेट म्हणून भाडेपट्ट्यावर गेली, आधी १७९९ मध्ये डॉ. स्कॉट नावाच्या इंग्रजाकडे आणि नंतर फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटजींकडे. फ्रामजींनी इथे ऊस, नीळ, रेशीम असे शेतीचे बरेच प्रयोग केले, आंब्याची झाडं लावली. १८३८ ला त्यांनी राणी व्हिक्टोरियाला आंब्यांची पेटी बोटीने पाठवली होती. धोबीतलावला फ्रामजी कावसजी हॉल आहे ना, ते हेच फ्रामजी.

मग स्वातंत्र्यानंतर कारखाने आणि कॉलेज. लार्सन अँड टुब्रोने साकी विहार रोडच्या बाजूला मोठी जागा घेतली, हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी १९३८ ला सुरू केलेली कंपनी. आयआयटी १९५८ ला सुरू झाली ती वरळीत, सोव्हिएत रशियाच्या आणि युनेस्कोच्या मदतीने, पवईतली पायाभरणी पंडित नेहरूंनी १० मार्च १९५९ ला केली आणि पुढच्या वर्षी वर्ग इकडे आले. १९६३ मध्ये नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आली, ती आता आयआयएम मुंबई झालीय. त्याच काळात स्वामी चिन्मयानंदांचं सांदीपनी साधनालय इथे सुरू झालं. म्हणजे साठच्या दशकात पवई म्हणजे एक तलाव, एक कॉलेज, एक कारखाना, एक आश्रम आणि मध्ये पाडे, शेतं आणि दगडाच्या खाणी. आज जिथे उंच खांबांच्या रोमन दिसणाऱ्या बिल्डिंगी आहेत तिथले डोंगर खाणींनी खाल्लेले होते.

हिरानंदानी म्हणजे बिल्डरच्या नावाने ओळखली जाणारी इथली मोठी वसाहत, तिची गोष्ट नवीन माणसाने जरूर समजून घ्यावी. १९८६ ला राज्य सरकार, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जमीनवाले-बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, जमीन नाममात्र भाड्याने आणि तिथे घरं बांधायची ४० आणि ८० चौरस मीटरची, म्हणजे मध्यमवर्गीयाला परवडतील अशी. प्रत्यक्षात काय उभं राहिलं ते समोर दिसतंय. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१२ ला कोर्टाने आधी छोटी परवडणारी घरं बांधा असा आदेश दिला. आर्किटेक्ट हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेला तो भाग देखणा आहे, फुटपाथ मोकळे, झाडं भरपूर, मी स्वतः संध्याकाळी तिथेच चालायला जातो. पण ती घरं कोणासाठी व्हायची होती हे मला तिथून चालताना आठवतं आणि वाईट वाटतं, आणि तुम्हालाही ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी २: तलावाची कुठली बाजू ते ठरवा

पवई म्हणून एकच जागा नाही. मोबाईलवर नकाशा उघडा आणि तलाव मध्ये ठेवा. दक्षिण काठाने जेव्हीएलआर जातो, जोगेश्वरी विक्रोळी लिंक रोड, पाटीवर आदि शंकराचार्य मार्ग लिहिलेलं असतं पण तसं कोणी म्हणत नाही, रिक्षावाल्याला तर ते सांगूच नका. रस्त्याच्या दक्षिणेला डोंगराला टेकून हिरानंदानी. पूर्वेला आणि उत्तरेला आयआयटी, तिच्या पलीकडे विहार तलाव आणि जंगल. पश्चिमेला साकी विहार रोड, तिथून खाली चांदिवली आणि साकीनाका.

बजेट मोठं असेल आणि ऑफिस हिरानंदानीतच असेल तर तिथेच घर घ्या, चालत ऑफिसला जाण्याचं सुख मुंबईत फार थोड्यांना मिळतं. कुटुंब आहे आणि भाडं जरा कमी पाहिजे तर चांदिवली फार्म रोडकडच्या सोसायट्या बघा. विद्यार्थी असाल, एकटे असाल, तर आयआयटीच्या गेटांच्या आजूबाजूचं चैतन्यनगर, फुलेनगर, तिरंदाजच्या गल्ल्या, तिथे एक खोली, पेइंग गेस्ट, खानावळीचा डबा सगळं मिळतं. लोक या वस्त्यांना नाकं मुरडतात, मी माझं पहिलं दीड वर्ष तिथेच काढलं आणि आजारी पडलो तेव्हा शेजारच्या मावशींनी आठ दिवस पेज करून दिली. पुढच्या दोन सोसायट्यांमध्ये मला शेजाऱ्याचं नाव कळायला सहा महिने लागले.

अजून एक गोष्ट जी ब्रोकर कधीच सांगत नाही. हिरानंदानी आणि आयआयटीची बाजू महापालिकेच्या एस वॉर्डात येते, ऑफिस भांडुपला, पिनकोड ४०००७६. चांदिवली एल वॉर्डात, ऑफिस कुर्ल्याला, पिनकोड ४०००७२. जाहिरातीत दोन्हीला पवई लिहितात. मुलाच्या शाळेचा फॉर्म असो, आधारचा पत्ता असो की गटार तुंबल्याची तक्रार असो, आपला वॉर्ड कुठला ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

पायरी ३: घर बघायला कधी जायचं

दोनदा जायचं. एकदा सकाळी नऊ-साडेनऊला, म्हणजे रस्ता किती अडतो ते दिसेल, आणि एकदा अंधार पडताना, खिडक्या उघड्या ठेवून पंधरा मिनिटं बसायचं. तलावाच्या बाजूला संध्याकाळी डास किती येतात ते त्या पंधरा मिनिटांत कळतं. जाळ्या नसतील तर अ‍ॅग्रीमेंटच्या आधी मालकाकडून बसवून घ्या, नंतर कोणी बसवून देत नाही.

माझ्या दुसऱ्या घराचं सांगतो. डिसेंबरात बघितलं, तलाव भरलेला, सकाळचं धुकं, मी लगेच हो म्हटलं. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं, काठाचा गाळ उघडा पडला आणि वारा आमच्या दिशेने, खिडकी उघडता येईना. शिवाय पाण्यावर जलपर्णी इतकी पसरली की लेक व्ह्यू म्हणून जास्त भाडं देत होतो तो नुसता हिरवा गालिचा. तलावात आजूबाजूचं सांडपाणी जातं, त्यातलं खत खाऊन जलपर्णी वाढते, महापालिका मशीन लावून काढते आणि ती परत येते, सांडपाणी वळवल्याशिवाय यावर इलाज नाही. तेव्हा तलाव दिसतो म्हणून कोणी भाडं वाढवून सांगत असेल तर उन्हाळ्यात काय दिसतं ते त्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारा, ब्रोकरला नको.

सोसायटीत वॉचमनला तीन प्रश्न: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, टँकर लागतो का, पावसात गेटपाशी पाणी साचतं का. वॉचमन खरं सांगतात.

पायरी ४: कागदपत्रं

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करावं लागत नाही असं बाहेरून आलेले खूप जण समजतात. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका.

खर्च फार नसतो. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, एकूण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. समजा भाडं ५०,००० आणि डिपॉझिट २ लाख, मुदत ११ महिने, तर साधारण १,४०० रुपये ड्युटी आणि वर १,००० रुपये नोंदणी फी. एवढ्यासाठी कोणी दहा हजार मागत असेल तर हिशोब मांडायला लावा. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट मशीन घेऊन घरी येतो, आधार आणि अंगठा, अर्ध्या तासाचं काम. ब्रोकरी इथे साधारण एक महिन्याचं भाडं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणंही गरजेचं आहे, ते ऑनलाइन होतं, त्याची पावती सोसायटी मागते म्हणून एक कॉपी मोबाईलमध्ये ठेवा.

एकट्या मुलामुलींना काही सोसायट्या जागा देत नाहीत, तेव्हा टोकन देण्याच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः भेटा. ब्रोकरच्या "होऊन जाईल"वर पैसे देऊ नका. आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीचं टोकन असंच अडकलं आणि ते सुटायला दोन महिने गेले.

पायरी ५: येण्याजाण्याचं गणित

पवईला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, हे आधी पचवा. जवळचं कांजूरमार्ग, मध्य रेल्वेवर, पश्चिमेला उतरायचं. बाहेरून शेअर रिक्षा आणि बेस्टच्या बसेस हिरानंदानी, आयआयटीकडे येतात. कांजूरला फक्त स्लो गाड्या थांबतात, सीएसएमटीला घाईत जायचं असेल तर घाटकोपरला जाऊन फास्ट पकडतात, पण सकाळी घाटकोपरला चढणं सोपं नाही, मी तरी कांजूरहूनच बसत जातो, दहा-पंधरा मिनिटं जास्त गेली तरी.

अंधेरीकडे जायचं तर साकीनाका मेट्रो, वर्सोवा-घाटकोपर लाइन, जून २०१४ पासून चालू आहे. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) किंवा थेट दक्षिण मुंबईत ऑफिस असेल तर आता भुयारी मेट्रो ३ आहे, आरे जेव्हीएलआर स्टेशन ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ पासून लाइन कफ परेडपर्यंत जाते. पवईहून आरेच्या स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षाने जावं लागतं आणि तोच टप्पा वेळ खातो. जेव्हीएलआरवर डोक्यावर जे खांब दिसतात ती मेट्रो ६, लोखंडवालाच्या स्वामी समर्थनगरपासून विक्रोळीपर्यंत, पवई लेक आणि आयआयटी अशी स्टेशनं त्यात आहेत, काम चालू आहे. ती होईपर्यंत सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ जेव्हीएलआरवर वेळेचं वचन कोणाला देऊ नका. रिक्षाचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपयांनी सुरू होतं.

बाइक असेल तर पावसात गांधीनगर जंक्शनच्या उतारावर आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांजवळ फार जपून. खड्डा पाण्याखाली दिसत नाही.

पायरी ६: रोजचं सामान, शाळा, दवाखाना

यात फार अवघड काही नाही. भाजी, किराणा आयआयटी मार्केटकडे स्वस्त, हिरानंदानीत तेच महाग पण निवडलेलं. हिरानंदानीत गॅलेरिया आहे, तिथे स्टेशनरीपासून खाण्यापर्यंत सगळं. मोठं हॉस्पिटल हिरानंदानीतच आहे, रात्री-अपरात्री गरज लागली तर लांब जावं लागत नाही, तरी मेडिक्लेम कुठे चालतो ते आधीच बघून ठेवा. शाळांची अ‍ॅडमिशन वर्षभर आधी सुरू होते, बदली ठरल्याच्या दिवशीच चौकशी सुरू करा.

पायरी ७: तलावाशी शेजारधर्म

हे सगळ्यात शेवटी लिहितोय पण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

तलावात मगरी आहेत. खऱ्या, गोड्या पाण्यातल्या. हिवाळ्यात सकाळी ऊन पडलं की खडकावर नाहीतर काठाच्या गाळावर तोंड उघडून पडलेल्या दिसतात. लांबून बघा, दुर्बीण असेल तर उत्तम, पाण्यात उतरू नका, मुलांना आणि कुत्र्याला काठावर मोकळं सोडू नका आणि त्यांना खायला तर अजिबात टाकू नका. पक्षीही भरपूर, खंड्या, पाणकावळे, बगळे, जांभळी पाणकोंबडी, जलपर्णीच्या पानांवर चालणारा कमळपक्षी. मासेमारीची जुनी संस्था आहे काठावर, गळ टाकायचा तर तिथे रीतसर सभासद होऊन.

आयआयटी, आरे, विहारच्या बाजूला बिबट्या येतो. बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर घबराट होते, पण त्याचं जंगल तिथेच आहे, तो नवीन आलेला नाही. रात्री एकट्या मुलाला पाठवू नका, कचरा उघड्यावर टाकू नका कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. दिसला तर गर्दी करून फोटो काढायचे नाहीत, वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथे कळवा.

काठाने सायकल ट्रॅक करायचं काम महापालिकेने सुरू केलं होतं, तलावातच भराव घालून. लोक कोर्टात गेले, त्यात आयआयटीचे विद्यार्थी होते, आणि मे २०२२ मध्ये हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. मी सायकल चालवतो, मला ट्रॅक हवाच होता, पण मगरीच्या अंडी घालण्याच्या जागेवर नको होता. नवीन येणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की इथे काठावर जो मोकळा पट्टा दिसतो तो रिकामा नाही.

गणपतीत पवई तलावावर गणेश घाटाला मोठं विसर्जन होतं. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस आणि अनंत चतुर्दशी, या दिवशी संध्याकाळी जेव्हीएलआर विसरून जा, ऑफिसमधून लवकर निघा किंवा रात्री उशिरा. घरची मूर्ती शाडूची आणा, आणि लहान मूर्तींसाठी महापालिका कृत्रिम तलाव करते तिथे विसर्जन करा. पहिल्या वर्षी मला वाटायचं की खऱ्या तलावाशिवाय बाप्पाला निरोप दिल्यासारखं वाटणार नाही. मग एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर सफाईला गेलो, पाण्यावर अर्धवट विरघळलेले हात आणि सोंडा तरंगत होत्या. तेव्हापासून आमची मूर्ती कृत्रिम तलावातच जाते आणि घरातल्या आजींनीही ते मान्य केलं.

पाऊस लागला की कधी जूनमध्ये तर कधी जुलैमध्ये बातमी येते, पवई तलाव भरून वाहू लागला. पूर्ण भरला की ५४५ कोटी लीटर पाणी असतं, सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं, आणि सांडव्यावरून निघालेलं जादा पाणी मिठी नदीत जातं, विहारचं जादा पाणीही तिकडेच, मग मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा याच नदीने कुर्ल्यातली घरं बुडवली. म्हणून तलाव भरल्याची बातमी आली की आम्ही आनंदाने बघायला जातो, पण नदीकाठच्या ओळखीच्या लोकांना एक फोनही करतो. तुमचं ऑफिस कुर्ला किंवा बीकेसीकडे असेल तर त्या दिवसांत भरतीची वेळ बघून निघा, आणि घरापाशी पाणी तुंबलं तर महापालिकेचा नंबर १९१६, तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका.